ओला दोर

दोर वर आला तेव्हा त्याच्या टोकाला मंगल होती. तात्यांनी लेकीला काखेत धरून ओट्यावर घेतलं, कुणीतरी तिच्या छातीवरची गाठ सोडली आणि सगळी माणसं तिच्याभोवती गोळा झाली. तिला पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. तिनं पाणी ओकलं आणि मग रडली. रडली म्हणजे जगली. तिची आई ऊर बडवायची थांबली आणि तिला पोटाशी धरून तिथंच बसली. दोर ओट्यावर पडला होता, ओला, वेटोळं होऊन. एक टोक अजून आडाच्या खांबाला बांधलेलं होतं. तो परत खाली गेला नाही. आणि खाली आडात माझा बाप होता.

मी आमच्या दगडापाशी उभी होते. आमचा दगड म्हणजे आडाच्या ओट्याखाली, उतारावर पुरलेला एक काळा धोंडा. मांगवाड्यातल्या बाईनं आपली घागर त्या धोंड्यापाशी ठेवायची आणि मागं सरून बसायचं. वरच्या आळीतली कुणी पाण्याला आली आणि तिच्या मनात आलं, तर ती एक पोहरा जास्तीचा ओढायची आणि उंचावरून आमच्या घागरीत ओतायची. निम्मं पाणी घागरीत, निम्मं मातीत. मनात आलं नाही तर बसून राहायचं. पाण्याला गेलं की किती वेळ लागला, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे.

आडातून बापाचा आवाज आला. आडातला आवाज असतो त्यापेक्षा मोठा होऊन वर येतो, तरी बापाचा आवाज नेहमीसारखाच संथ होता. म्हणाला, "तात्या, दोर सोडा की." तंबाखूची चिमूट मागावी तसा. कुणी हललं नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "दोर सोडा वो. गारठलोय."

वर माणसं बोलत होती. आता प्यायचं पाणी कुठलं, हे बोलत होती. ओढ्याचं पाणी आटत आलेलं, आड उपसायचा म्हटला तर किती जणं लागतील, भटजी कधी मिळेल. पोलीसपाटील तिथंच होता. तो म्हणाला, आड तर बाटलाच, आता ओटा आणि रहाट तरी बाटवू नका, त्याची माणसं बोलवा, ती काढतील त्याला. हे सगळ्यांना पटलं. पण आमची माणसं आली तर तीही ओट्यावर चढणार, हे कुणीतरी काढलं आणि बोलणं परत पहिल्यापासून सुरू झालं. शेवटी त्यातल्या एकानं माझ्याकडं न बघता मला सांगितलं, "जा गं, तुझ्या आईला बोलीव." मी पळाले.

दोर कुणी हातात घेतला नाही, हे मी समजू शकते. त्यांचा तसा रिवाज होता. पण तो खांबाला बांधलेला होता. कुणी नुसता पायानं ढकलला असता तरी खाली गेला असता. हे मला अजून समजत नाही, आणि आता समजून घ्यायचं माझं वयही नाही.

माझ्या बापाचं नाव केरबा. गावात केऱ्या. ज्यांना अजून नीट धोतर नेसता येत नव्हतं ती पोरंही केऱ्याच म्हणायची, आणि बाप त्यांना जी म्हणायचा. गाव शाहूवाडीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला, भाताचं. आम्ही जातीनं मांग. धंदा दोर वळायचा आणि लग्नाकार्यात वाजवायचा. बाप वाजवायला फारसा जात नसे. त्याला हलगीचा नाद नव्हता, त्याला घायपात आवडायचं. घायपाताची काटेरी पानं तोडून आणायची, ओढ्याच्या डबक्यात धोंड्यांखाली कुजत घालायची, कुजली की काढून दगडावर बडवायची, मग त्यातनं पांढरा लांब वाख निघतो. तो वाळवायचा आणि वळायचा. कुजलेल्या घायपाताचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा असायचा. मला तो वास घाण आहे हे शाळेत गेल्यावर कळलं. त्याचा रस लागला की कोपरापर्यंत खाज सुटते. आईचे हात बारा महिने लाल असायचे आणि ती भाकरी थापता थापता मध्येच काथवटीच्या कडेवर मनगट खाजवून घ्यायची.

आमच्या घरात उजाडायचं ते बडवण्याच्या आवाजानं. आई आणि माझी विधवा आत्या समोरासमोर बसून लाकडी मोगरीनं धपधप घाव घालायच्या, एकीचा घाव पडला की दुसरीचा वर. त्या तालातच दोघींची भांडणं चालायची. दुपारनंतर बाप वळायला उभा राहायचा. फिरकी माझ्याकडं. मी एका जागी बसून लाकडी फिरकी फिरवायची आणि बाप कमरेला वाखाचं भेंडोळं बांधून, हातातनं वाख सोडत सोडत मागं मागं जायचा, पार वाड्याच्या टोकाच्या लिंबापर्यंत. त्यामुळं मला बाप आठवतो तो असा, माझ्याकडं तोंड करून लांब जाणारा. तो बोलायला फार हळू. आत्या म्हणायची, ह्याच्या तोंडातनं शब्द निघंस्तवर बाजार उठंल. बाप म्हणायचा, उठू दे, मला काय इकायचं न्हाय. मग आई म्हणायची, तेच तर रडगाणं हाय.

खायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं माडगं. लसूण-मिरचीचा खरडा असला की बाप एक भाकरी जास्त खायचा, म्हणून आई तो रोज करत नसे. सुगीला बलुत्याचं भात यायचं, तेव्हा चार दिवस भाताची पेज. लग्नातनं वाजवून माणसं परतली की फडक्यात बांधलेलं अन्न यायचं, वरण-भात-भाजी-बुंदी सगळं एकात एक कालवलेलं. तो गोळा आम्ही पोरं भांडून खायचो. माझ्या सुनेला हे सांगितलं तर ती तोंड फिरवते. मला त्या गोळ्याची चव आवडायची, हे मी खोटं कशाला सांगू?

नवा दोर झाला की बाप तो लिंबाच्या फांदीला टाकायचा आणि स्वतः लोंबकळायचा. मग आईला लोंबकळायला लावायचा, आत्याला, मला. सगळ्यांचा भार सोसला म्हणजे दोर द्यायच्या लायकीचा. वाड्यातल्या पोरांचा झोपाळा म्हणजे गावाच्या नव्या दोराची परीक्षा.

आमच्या दोराला विटाळ नव्हता. म्हणजे कोरड्या दोराला नव्हता. बाप दारापुढं दोर टाकायचा, तो वरच्या आळीतली माणसं उचलून घ्यायची. ओला दोर मात्र आमच्या हातातनं घेत नसत. ओल्यातनं विटाळ चालत जातो, कोरड्यातनं जात नाही, असा त्यांचा हिशेब. म्हणून पावसाळ्यात बाप दोर घोंगड्याखाली झाकून न्यायचा आणि आपण भिजायचा. एकदा वाटेत सर आली आणि दोर भिजला, तर त्या घरच्या माणसानं बापाला तो कुंपणावर टाकायला लावला, उन्हात वाळू दिला आणि मग उचलला. आडाच्या पोहऱ्याचा दोरही बापानंच वळलेला होता. तो रोज सकाळपासून पाण्यात बुडत होता आणि सगळं गाव ते पाणी पीत होतं. मी बापाला एकदा हे विचारलं. तो म्हणाला, "त्यात इच्यारायचं काय? तसंच असतंय." वाटलं, त्याला कळत नाही. आता वाटतं, त्याला कळत होतं आणि फिरकी थांबवायची नव्हती.

त्या दिवशी बेंदूर जवळ आला होता, पाऊस मात्र लांबला होता. बैलांचा सण, त्यामुळं आमच्या घरात दाव्यांची आणि कासऱ्यांची रास लागलेली. वाड्यातली बापय माणसं पलीकडच्या गावाला लग्नात वाजवायला गेली होती. बाप मागं राहिला, कारण तात्यांच्या मोटेचा नाडा द्यायचा होता. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड, लांब दोर. तो वळायला बापाला फार दिवस लागले होते, आणि आदल्या दिवशी आम्ही सगळी त्याला लोंबकळून झालो होतो. तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी. माणूस वाईट नव्हता. बापाला त्यांनी कधी आईवरनं शिवी दिली नाही, आणि गावात असे थोडेच होते. त्यांची मंगल माझ्याबरोबर चौथीत होती. ती आत पट्टीवर बसायची, मी दाराशी, चपला काढतात तिथं. गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं मला तिथनं नीट दिसायचं नाही. मंगल आपली पाटी मांडीवर जरा तिरकी धरायची, मला दिसेल अशी. आम्ही एकमेकींशी फार बोललो नव्हतो. पण पाटी तिरकी असायची.

दुपारची वेळ. मी धोंड्यापाशी घागर ठेवून कधीची बसले होते. दोन बायका आल्या, आपलं पाणी घेऊन बाजूला भांडी घासत बसल्या. मग मंगल आली. तिनं आपली कळशी भरली आणि मला म्हणाली, "थांब शेवंते, तुला एक वडती." तिनं पोहरा सोडला, भरला, आणि वर येताना तो कपारीत अडकला. ती हिसका द्यायला वाकली. ओट्याचा दगड ओला होता. ती गेली, आणि तिच्याबरोबर पोहरा आणि पोहऱ्याचा दोरही गेला.

पुढं सगळ्या गावानं सांगितलं की मांगाच्या पोरीला पाणी देताना तात्यांची पोरगी पडली. खरं आहे, माझ्यासाठीच ओढत होती. पण मी त्याचं ओझं कधी वाहिलं नाही. मला माझं पाणी ओढू दिलं असतं तर तिला वाकावं लागलं नसतं. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण मला कुणी विचारलं नाही.

बायका किंचाळल्या. बापय माणूस एक नव्हता, सगळे शेतात. तेवढ्यात खालच्या वाटेनं बाप आला, खांद्यावर नाड्याचं वेटोळं. त्यानं विचारलं, "कोन पडलं?" एक बाई म्हणाली, मंगल. बापानं आडाकडं बघितलं, मग बायकांकडं, आणि म्हणाला, "सरा जरा." आणि तो धोंडा ओलांडून ओट्यावर चढला. आमच्यातलं माणूस त्या ओट्यावर मी पहिल्यांदा बघत होते. एक बाई ओरडली, "अरं केऱ्या, आड बाटंल की!" दुसरीनं तिच्या पाठीत गुद्दा घातला. बापानं नाडा खांबाला बांधला, गाठ एकदा ओढून बघितली आणि दोराला धरून खाली उतरला.

मग शेतातनं माणसं धावत आली. बापानं खालनं हाक दिली, "बांदलीया, वडा!" आणि त्यांनी ओढलं. पाच-सहा जणांनी, हातांनी, ओल्या दोराला धरून. मंगल दोराला होती तोवर दोर ओला आहे हे कुणाला दिसलं नाही.

मी वाड्यात पोचले तेव्हा आई बडवत होती. मी सांगितलं की बा आडात आहे आणि वर काढत नाहीत. तिनं मोगरी टाकली आणि पळाली. आत्या मागं, मी त्यांच्या मागं. आई आयुष्यात तशी पळालेली मी बघितली नाही, पदर रस्त्यावर लोळत होता. चढ चढून ती वर आली आणि आमच्या दगडापाशी आली आणि थांबली.

तिला कुणी थांबवलं नव्हतं. ओट्यावरची माणसं तर आमच्याकडं तोंड करूनही उभी नव्हती. ती आपणहून थांबली, रोज थांबायची तशी. तिचा नवरा समोर आडात होता, त्याच्या खोकण्याचा आवाज येत होता, आणि ती त्या धोंड्याच्या अलीकडं हात लोंबते सोडून उभी होती, कुणी आपल्या घागरीत पाणी ओतेल म्हणून उभं राहावं तशी. आत्याही थांबली. मीही थांबले. आम्ही तिघी एका रांगेत उभ्या होतो. माणसाला इतकं शिकवता येतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे शिकवणारी शाळा त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

बाप आतनं म्हणाला, "हौसे, आली का?" त्याला पावलं कशी कळली कोण जाणे. आवाज आता तुटत होता.

आईनं खाली बघितलं. धोंड्याकडं. आणि त्याच्यावर पाय देऊन पुढं गेली. बाजूनं जागा होती, तरी त्याच्यावरच पाय दिला. ओट्यावर चढली, माणसं अंग चोरून मागं सरली. तिनं ओला दोर उचलला, टोक खाली टाकलं आणि ओरडली, "काकंत बांदून घ्या!" पुरुषांच्या देखत एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदा बोलली असेल. बापानं कसंबसं बांधून घेतलं. स्वतः चढून यायची ताकद त्याच्यात राहिली नव्हती. आम्ही तिघींनी ओढायला सुरुवात केली. तो थोडा वर आला, आमचे पाय दगडावरनं सरकले, तो परत पाण्यात गेला. दुसऱ्यांदा तेच. माझ्या तळव्यांची साल निघाली. आई कुणाकडं वळली नाही. तिसऱ्यांदा दोर ताणला.

तेव्हा तात्या पुढं आले. त्यांनी डोक्याचा पटका सोडला, दोन्ही तळव्यांना गुंडाळला, कोरडा, जाड, आणि माझ्या मागं दोर धरला. मग दुसऱ्यानं आपला पटका सोडला. मग तिसऱ्यानं. एकजण टॉवेल गुंडाळून आला. सगळ्यांच्या हातांना फडकी, सगळी बोडकी, आणि त्यांनी दोर असा ओढला की आम्हाला धरायचंसुद्धा कारण राहिलं नाही.

माझी नात म्हणते, आजी, हे किती भयंकर आहे. मी म्हणते, असेल. पण त्या माणसांना माझ्या बापाला मारायचं नव्हतं. त्यांना हात ओले करायचे नव्हते, एवढंच.

बाप ओट्यावर आडवा पडला. ओठ काळेनिळे, अंग लटलट कापत होतं, बोटं वाकलेली, उघडेनात. आई पदरानं त्याचं अंग घासत होती. मंगलची आई उठली, घराकडं गेली आणि एक घोंगडं घेऊन आली. लांबूनच टाकलं. पण टाकलं. त्या दिवशी कुणी काय केलं ते सांगायचं तर सगळंच सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं माणसं बसली. बापाला बोलावलं, तो खाली उभा राहिला, अंगात ताप होता. तात्या म्हणाले, "केरबा, तू केलंस ते चांगलंच केलंस. माझी लेक जगली. पर इच्यारायला पायजे हुतं." केऱ्याचा केरबा झाला होता, तेवढी किंमत आली होती. बाप म्हणाला, "कुनाला इच्यारू, तात्या? बापय मानूस न्हवता." पोलीसपाटील म्हणाला, "बायका हुत्या की." यावर दोघं-तिघं हसले. तात्या हसले नाहीत. ते जमिनीकडं बघत राहिले.

नात विचारते की तक्रार का केली नाही, कायदा होता ना. कायदा होता. तो सांगायला गावात पोलीसपाटील होता, आणि तो त्या दिवशी ओट्यावर होता.

आड उपसला, गोमूत्र शिंपडलं, भटजीनं मंत्र म्हटले. मंगलला आंघोळी घातल्या आणि कसबा बावड्याला तिच्या मावशीकडं पाठवून दिलं, कारण मांगानं छातीशी धरलेली पोरगी म्हणून गावात कुजबुज सुरू झाली होती. ती शाळेत परत आली नाही. आणि तो नाडा जाळला. आडाच्या खालच्या अंगाला, कडबा घालून. ओला असल्यामुळं नीट पेटेना, दोन दिवस धुमसत होता, आणि वाड्यापर्यंत घायपाताचा जळका वास येत होता. बापाला आडाबद्दल मी कधी बोलताना ऐकलं नाही. आड नाही, गारठा नाही, वर उभी असलेली माणसं नाहीत. त्या वासानं मात्र तो उठून बसला आणि आईला म्हणाला, "नाडा चांगला झालता गं. त्याला काय झालतं?"

आम्हाला कुणी मारलं नाही, कुणी गाव सोडायला सांगितलं नाही. बेंदूर आला आणि दोर न्यायला कुणी आलं नाही. गावानं त्या वर्षी दावी आणि कासरे बाजारातनं आणले. बाप दारात बसून वाट बघत होता, एवढ्याशा आवाजानं मान वर करायचा. घरात दोरांची रास तशीच. सुगीला बलुतंही कमी आलं, मग आलंच नाही. आपापसात ठरवून केलं की ज्याच्या त्याच्या मनात आलं, मला ठाऊक नाही. एके दिवशी आईनं दोरांची रास बांधली, बापाच्या डोक्यावर दिली, स्वतः भांडी घेतली आणि आम्ही कोल्हापूरला आलो. आत्या आली नाही. म्हणाली, मी हितंच मरनार, तुमी कोन इच्यारनार? ती खरंच तिथं मेली, पण पुष्कळ वर्षांनी. आणि तोवर त्याच दगडापाशी पाण्याला बसायची.

कोल्हापुरात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, हे चांगलं होतं. दोर मात्र सगळ्यांना विकत हवा होता. ओला का कोरडा कुणी विचारलं नाही. बाप एका दुकानदाराला दोर वळून द्यायचा, नायलॉनचा दोर आला तेव्हा तेही संपलं, मग गुळाच्या वखारीत हमाली. थंडी पडली की त्याची बोटं वाकायची आणि सकाळी आई ती एकेक करून सरळ करायची. मी शाळेत गेले नाही. भांडी घासली, मग मंडईत भाजी विकली. चौथीचं ते वर्ष माझं आणि मंगलचं तिथंच संपलं.

मंगल मला मंडईतच भेटली. दोघींचे केस तोवर पिकले होते. ती मेथीची जुडी हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, घ्यायची तर घ्या, पानं तोडू नका. ती म्हणाली, "शेवंता ना?" तिला बावड्यातच दिली होती, मुलगा साखर कारखान्यात होता. ती गिऱ्हाइकांच्या मध्ये, पोत्यावरच बसली. मी चहा मागवला. तिनं माझ्या कपातला अर्धा आपल्या बशीत ओतून घेतला. मी बघत होते, हे तिला कळलं, पण ती थांबली नाही.

मग ती खाली मान घालून म्हणाली की एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. पाण्यात ती कपारीला धरून होती आणि हात सुटत चालले होते. माझा बाप खाली उतरला, त्यानं हात पुढं केला, आणि तिनं तो धरला नाही. "मी मागं सरली गं. बुडालीवती तरी मागं सरली. वाटलं, आई मारंल." ती दहा वर्षांचीही नव्हती. मी विचारलं, मग बा काय म्हणाला? मंगल म्हणाली, "म्हनाला, धर, पोरी. हितं कोन बगाय न्हाय."

तेव्हा तिनं त्याच्या गळ्याला मिठी मारली.

मी तिला मेथी दिली. तिनं पैसे काढले, मी घेतले. त्यानंतर ती दर आठवड्याला येत राहिली.

तो आड आता बुजवलाय, त्याच्यावर ग्रामपंचायतीनं टाकी बांधलीय आणि मांगवाड्यातही नळ आहेत. दगड कुठं गेला माहीत नाही. त्या दुपारी आडात दोन माणसं गेली आणि दोन्ही जिवंत वर आली. मंगल बावड्यात आहे, गुडघे धरलेत, तरी जिना चढते. माझा बाप केरबा म्हातारा होऊन, कोल्हापुरात, घरात, कोरड्या अंथरुणावर गेला.